इंग्लंडमधल्या खेड्यात राहणाऱ्यांसाठी : पॅरिश कौन्सिलकडे काय मागावे आणि कसे मागावे

पाऊलवाट

शहर सोडून इंग्लंडमधल्या खेड्यात घर घेणारी काही मराठी कुटुंबे माझ्या ओळखीत आहेत. घर घेताना शाळा, स्टेशन आणि ब्रॉडबँड यांची चौकशी सगळेच करतात. गावाचा कारभार कोण पाहते, हे मात्र कौन्सिल टॅक्सचे बिल आल्यावर, तेही त्यातल्या सर्वांत लहान रकमेकडे लक्ष गेले तर, कळते. ती रक्कम पॅरिश कौन्सिलची, म्हणजे गावाने निवडून दिलेल्या स्थानिक संस्थेची असते. या कौन्सिलला फारसे अधिकार नाहीत, असे समजून बहुतेक जण तिच्याकडे फिरकत नाहीत. मला आलेला अनुभव वेगळा आहे आणि तो इथे सविस्तर मांडावा असे वाटले.

आधी थोडी पार्श्वभूमी. गावाचे रस्ते, गरिबांची मदत, दफनभूमी ही कामे पूर्वी चर्चच्या आधाराने चालणारी गावसभा पाहत असे. १८९४ च्या कायद्याने त्यांपैकी दफनभूमीसारखी गावपातळीवरची, चर्चेतर कामे निवडून दिलेल्या पॅरिश कौन्सिलकडे सोपवली गेली आणि तेव्हापासून या कौन्सिलचा चर्चच्या कारभाराशी संबंध उरला नाही. इंग्लंडमध्ये आज अशा सुमारे दहा हजार कौन्सिली आहेत. आमचे गाव मिडलँड्समध्ये आहे आणि तिथे अजून तीन थर आहेत : रस्ते, शाळा आणि पायवाटांचे नकाशे सर्वांत मोठ्या भागाच्या काउंटी कौन्सिलकडे, बांधकाम परवानगी आणि कचरा उचलणे तिच्याखालच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे, आणि उरलेल्या लहान गोष्टी पॅरिशकडे. बसथांब्याचे छप्पर, बाके, गावातले काही दिवे, खेळाचे मैदान, युद्धस्मारक, दफनभूमीतले गवत, कुत्र्यांच्या विष्ठेचे डबे, बर्फाच्या दिवसांत रस्त्यावर टाकायच्या मिठाच्या पेट्या, अशी ती यादी आहे.

आता मुद्दा. गावाबाहेर एका शेतातून सार्वजनिक पायवाट जाते. शरद ऋतूत शेतकऱ्याने शेत नांगरले, रेपसीड पेरले आणि वाट बुजवून टाकली. वसंतात पिवळी फुले कमरेच्याही वर आली आणि शाळेतून येणारी मुले वळसा घालून, पदपथ नसलेल्या रस्त्याने, गाड्यांच्या बाजूने चालू लागली. कायदा याबाबत स्पष्ट आहे. शेताच्या मधून जाणारी पायवाट नांगरता येते, पण पहिल्या नांगरटीनंतर १४ दिवसांच्या आत, आणि त्या हंगामातल्या पुढच्या प्रत्येक मशागतीनंतर २४ तासांच्या आत, ती किमान एक मीटर रुंदीची आणि चालण्याजोगी करून द्यावी लागते. बांधाच्या कडेची वाट तर नांगरताच येत नाही. मी काउंटीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक मिळाला आणि पुढे काहीही झाले नाही.

मग मी पॅरिश कौन्सिलच्या बैठकीला गेले. बैठकीच्या सुरुवातीला रहिवाशांना बोलण्यासाठी वेळ ठेवलेला असतो, त्यात मी विषय मांडला. सगळ्यांनी नीट ऐकून घेतले, दोघांनी त्या वाटेचा स्वतःचा अनुभव सांगितला, आणि तरीही ठराव झाला नाही. कारण असे की, जो विषय अजेंड्यावर नाही त्यावर कौन्सिलला निर्णय घेताच येत नाही. अजेंडा बैठकीच्या किमान तीन पूर्ण दिवस आधी जाहीर व्हावा लागतो आणि तो क्लार्कच्या सहीने निघतो. ही टाळाटाळ नव्हती. विषय कोणालाही ऐनवेळी घुसडता येऊ नये, ज्यांचे हितसंबंध गुंतले आहेत त्यांनाही आधी कळावे, यासाठी तो नियम आहे. मी दुसऱ्या दिवशी क्लार्कला ईमेल केला, सोबत वाटेचा नकाशावरचा क्रमांक आणि तारखेसह छायाचित्रे जोडली, आणि पुढच्या अजेंड्यावर विषय आला.

हायवेज कायदा १९८० च्या कलम १३० मध्ये एक तरतूद आहे. एखादी सार्वजनिक वाट बेकायदा अडवली गेली आहे, असे पॅरिश कौन्सिलने महामार्ग प्राधिकरणाला, म्हणजे आमच्याकडे काउंटीला, रीतसर कळवले, तर ते म्हणणे चुकीचे असल्याची खात्री पटल्याखेरीज योग्य ती कारवाई करणे हे त्या प्राधिकरणाचे कर्तव्य ठरते. आमच्या कौन्सिलने ठराव केला आणि क्लार्कने कलमाचा उल्लेख करून पत्र पाठवले. काही आठवड्यांत काउंटीचा माणूस शेतावर येऊन गेला, आणि पीक कापून वाटेची पट्टी मोकळी झाली. कुंपणाच्या खांबावर नवा पिवळा बाणही लागला.

त्या एका मीटरच्या पट्टीसाठी इतके लिहिण्याचे कारण हेच, की लहान संस्थेचे बळ तिच्या तिजोरीवरून ठरवू नये. तुमच्या गावातले अनुभव वाचायला आवडतील.

भीमाकाठ

लेख फार आवडला. मी सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामपंचायतीत पाच वर्षे सदस्य होतो, त्यामुळे वाचताना पदोपदी तुलना होत होती. आमच्याकडे पाणंद रस्त्यांचे अगदी हेच दुखणे आहे. दोन्ही बाजूंचे शेतकरी दरवर्षी नांगराचे तास-दोन तास आत सरकतात, आणि बैलगाडीची वाट माणसापुरतीही उरत नाही. प्रकरण तहसीलदारांकडे जाते, मोजणी होते, पण पावसाळ्यानंतर पुन्हा तेच.

दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. तुमच्याकडे सरपंचासारखे कोणी आहे का, ज्याच्याकडे गेले की काम होते? आणि हा क्लार्क म्हणजे आमच्या ग्रामसेवकासारखा शासनाचा माणूस का?

पाऊलवाट

धन्यवाद दादा. सरपंचासारखे पद इथे नाही, आणि मला वाटते हाच दोन्हीकडचा सर्वांत मोठा फरक आहे. महाराष्ट्रात सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली, म्हणजे त्या पदाला स्वतःचा जनादेश असतो. इथे अध्यक्षाची निवड सदस्यच आपसांत, दरवर्षी मे महिन्यातल्या बैठकीत करतात. एकट्या अध्यक्षाला किंवा एकट्या सदस्याला कौन्सिलच्या वतीने कोणताही निर्णय घेता येत नाही. समितीला किंवा क्लार्कला अधिकार सोपवता येतात, एका सदस्याला नाही. त्यामुळे एखाद्या सदस्याने दुकानात भेटल्यावर 'बघतो मी' म्हटले, तर त्याच्या चांगुलपणाबद्दल शंका नसली तरी काम पुढे सरकले असे समजू नये.

ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा कर्मचारी असतो, क्लार्क मात्र पॅरिश कौन्सिलचाच पगारी नोकर असतो. लहान गावांत ही नोकरी आठवड्याला मोजक्या तासांची असते आणि हिशेबही बहुधा तोच किंवा तीच पाहते. सदस्य सहसा विनावेतन काम करतात. आमच्या क्लार्कबाई आणखी एका गावाचे काम पाहतात, त्यामुळे त्यांना पाठवलेला ईमेल नेमका, एका विषयाचा आणि कागदपत्रांसह असावा, एवढी काळजी आपण घेतली पाहिजे.

ग्रामसभेला जवळची गोष्ट मात्र आहे. १ मार्च ते १ जून या काळात गावातल्या सर्व मतदारांची वार्षिक सभा घ्यावी लागते. ती कौन्सिलची बैठक नसते, मतदारांची असते, आणि तिथे कोणत्याही मतदाराला गावाचा प्रश्न मांडता येतो.

हिशेबनीस

मी नॉर्थ यॉर्कशायरमध्ये राहतो आणि या विषयाची दुसरी बाजू मांडू इच्छितो. आमच्याकडे १ एप्रिल २०२३ पासून सातही डिस्ट्रिक्ट कौन्सिली बंद झाल्या आणि सगळा कारभार एकाच मोठ्या कौन्सिलकडे गेला. इंग्लंडच्या इतर भागांतही सरकारला हेच करायचे आहे. म्हणजे पुढे अनेक गावांना हाकेच्या अंतरावरची संस्था म्हणून केवळ पॅरिश कौन्सिलच उरणार आहे. अशा वेळी तिच्या पैशांकडे डोळ्यांत तेल घालून पाहणे गरजेचे आहे, आणि ते जवळजवळ कोणीच पाहत नाही.

पॅरिश कौन्सिलचा खर्च मुख्यतः प्रीसेप्टमधून, म्हणजे कौन्सिल टॅक्समधल्या तिच्या वाट्यातून भागतो. थंडीच्या सुरुवातीला अंदाजपत्रक तयार होते, जानेवारीच्या आसपास रक्कम ठरते, आणि कौन्सिल टॅक्स गोळा करणाऱ्या वरच्या कौन्सिलला ती कळवली जाते. समजा, गावाने ३०,००० पौंड मागितले आणि गावात, घरांच्या किमतीनुसार पाडलेल्या करगटांपैकी 'डी' गटाच्या हिशेबाने ५०० घरे धरली, तर त्या गटातल्या घरावर वर्षाला ६० पौंड येतात. मोठ्या कौन्सिलींना ठरावीक मर्यादेपलीकडे कर वाढवायचा असेल तर सार्वमत घ्यावे लागते, पॅरिश कौन्सिलींना मात्र ती अट आजवर लावलेली नाही. त्यामुळे पाचसात माणसांनी जानेवारीतल्या एका थंड संध्याकाळी घेतलेला निर्णय एप्रिलमध्ये प्रत्येक घराच्या बिलावर येतो.

यावर रहिवाशांच्या हाती असलेले साधन फार कमी जणांना माहीत असते. दरवर्षी कामकाजाचे ३० दिवस गावाचे हिशेब तपासणीसाठी खुले ठेवावे लागतात आणि जुलैमधले कामकाजाचे पहिले दहा दिवस त्यात असावेच लागतात. त्या काळात तुम्ही पावत्या, बिले, करारपत्रे प्रत्यक्ष पाहू शकता. वार्षिक उलाढाल २५,००० पौंडांपर्यंत असलेली कौन्सिल बाहेरच्या लेखापरीक्षकाच्या नेहमीच्या तपासणीतून सूट घेऊ शकते, म्हणून तर लहान गावांत रहिवाशांनी हे काम अधिक मनावर घ्यायला हवे.

मी गेल्या वर्षी बिले पाहिली. काहीही गैर नव्हते, पण गवत कापण्याचे कंत्राट बऱ्याच काळापासून नव्याने दर न मागवता चालू असल्याचे दिसले. मी ते क्लार्कच्या कानावर घातले, यंदा तीन ठिकाणांहून दर मागवले गेले. भांडण झाले नाही, कोणाचा अपमान झाला नाही.

स्पष्टवक्ता

माझे मत इतके अनुकूल नाही. आमच्या गावात कौन्सिलचा बहुतेक वेळ नवीन घरांना विरोध करण्यात जातो. सदस्य बहुतेक निवृत्त, स्वतःची मोठी घरे असलेले, आणि गावातल्या तरुणांना भाड्याने खोलीही परवडत नाही. प्रत्येक अर्जावर 'गावाचे स्वरूप बिघडेल' हेच एक उत्तर. निवडणुकीत जागांइतकेच अर्ज येतात, त्यामुळे मतदान होतच नाही आणि तीच माणसे बिनविरोध निवडून येतात. मग याला लोकशाही कशाला म्हणायचे? डिसेंबर २०२० मध्ये चेशायरमधल्या हँडफोर्थ पॅरिश कौन्सिलची झूमवरची बैठक आणि तीत बैठक चालवायला बाहेरून आलेल्या जॅकी वीव्हर यांना 'तुम्हाला इथे अधिकार नाही' म्हणून ओरडणारे सदस्य पुढे साऱ्या जगाने पाहिले. त्यातला अविर्भाव मला अनोळखी वाटला नाही.

वेशीपाशी

मी गेली काही वर्षे डेव्हनमधल्या एका गावात पॅरिश कौन्सिलचा सदस्य आहे, म्हणून स्पष्टवक्ता यांच्या प्रतिसादाला उत्तर देतो. त्यांनी वर्णन केलेले चित्र खोटे नाही. मात्र बांधकाम परवानगीत पॅरिश कौन्सिलचे स्थान काय, हे आधी पाहिले पाहिजे. निर्णय ती घेत नाही. तिला अर्ज कळवला जातो, मत देण्यासाठी साधारण २१ दिवस मिळतात, आणि ते मत नियोजन प्राधिकरण विचारात घेते. त्या मताला वजन केव्हा येते? शेजारच्या खिडकीतून थेट घरात दिसणे, सांडपाणी आणि पुराचा धोका, वळणावर गाड्यांना न दिसणारा रस्ता, अशा नियोजनाच्या कसोटीवर टिकणाऱ्या कारणांनी. 'आमच्या घरातून दिसणारा देखावा जाईल' किंवा 'घरांच्या किमती उतरतील' ही कारणे विचारात घेतलीच जात नाहीत. ज्या कौन्सिली प्रत्येक अर्जावर सरसकट विरोध नोंदवतात, त्यांचे पत्र वाचणारा अधिकारीही हळूहळू ते वाचेनासा होतो, आणि जिथे खरोखर नाल्याची अडचण असते तिथे गावाचे म्हणणे वाया जाते. मी आमच्या बैठकीत हे वारंवार सांगतो आणि कधीकधी एकटा पडतो.

पण याच व्यवस्थेतून उलट्या दिशेनेही जाता येते. २०११ च्या लोकलिझम कायद्याने गावांना स्वतःचा विकास आराखडा करण्याची सोय दिली. कंब्रियातल्या अप्पर ईडन खोऱ्यातल्या १७ पॅरिशनी एकत्र येऊन असा आराखडा केला आणि मार्च २०१३ मध्ये तो सार्वमताने मंजूर झाला. देशातला तो पहिला. स्थानिक कुटुंबांना, शेतावर राहणाऱ्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना आपल्याच भागात घर मिळावे, हा त्याचा गाभा होता. म्हणजे घरे नकोत असे सांगण्यासाठी नव्हे, तर आपल्या माणसांसाठी हवीत असे सांगण्यासाठी त्यांनी ते साधन वापरले. ज्या भागात बांधकामावर पायाभूत सुविधांसाठीचे ठरावीक शुल्क लागू आहे, तिथे पॅरिशला त्यातले १५ टक्के मिळतात, त्यालाही मर्यादा आहे; गावाचा मंजूर आराखडा असेल तर मात्र २५ टक्के मिळतात. या पैशातून मैदान, सभागृहाचे छप्पर, पायवाटेवरचा पूल अशी कामे मार्गी लावता येतात.

तीच ती माणसे निवडून येतात, याला मात्र एकच उत्तर आहे आणि ते आपल्यालाच द्यायचे आहे.

सांजवेळ

वेशीपाशी दादा, तुमचे शेवटचे वाक्य वाचून विचारते. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. माझ्या नवऱ्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतले, मी घेतलेले नाही. मला गावात मत देता येते का, आणि सदस्य होता येते का? आमच्या गावच्या फलकावर एका रिक्त जागेची सूचना लागली आहे.

वेशीपाशी

ताई, दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असू शकते. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे, या देशात राहण्याची वैध परवानगी असलेल्या भारतीय नागरिकाला मतदार म्हणून नाव नोंदवता येते आणि सर्व निवडणुकांत मत देता येते. हे आपल्या कितीतरी लोकांना ठाऊक नसते. उमेदवारीसाठी अट थोडी कडक आहे : कायमस्वरूपी राहण्याची परवानगी, म्हणजे आयएलआर, हवी. वय १८ पूर्ण हवे, आणि त्याशिवाय पुढीलपैकी एक गोष्ट पुरते : पॅरिशच्या मतदार यादीत नाव, किंवा गेले वर्षभर पॅरिशमध्ये अथवा तिच्या हद्दीपासून तीन मैलांच्या आत वास्तव्य, किंवा वर्षभर पॅरिशमधली जमीन वा जागा ताब्यात असणे, किंवा वर्षभर मुख्य नोकरी-व्यवसाय तिथे असणे. तुम्ही त्याच कौन्सिलच्या पगारी नोकर मात्र असता कामा नये.

फलकावरची सूचना नीट वाचा. सूचना लागल्यापासून सुट्ट्या वगळून १४ दिवसांत दहा मतदारांनी लेखी मागणी केली तर पोटनिवडणूक होते. मागणी आली नाही तर कौन्सिल स्वतः योग्य व्यक्तीला सदस्य म्हणून घेते. मी असाच आलो. क्लार्कला एक पानाचे पत्र लिहिले, बैठकीत पाच मिनिटे बोललो आणि सदस्यांनी हात वर करून मत दिले. इंग्रजी उच्चारांचा किंवा 'बाहेरचे' असण्याचा संकोच मनात होता, पण विचारले गेले ते एवढेच, की महिन्यातून एक संध्याकाळ तुम्ही देऊ शकाल का.

सांजवेळ

मनापासून आभार. आयएलआर आहे, त्यामुळे पत्र लिहिते. आणखी एक विचारते. आमच्या गावात भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या अलॉटमेंटच्या जागा नाहीत. माझ्यासारख्या मेथी, कोथिंबीर, गवार लावू इच्छिणाऱ्या दोनचार बायका आणि काही इंग्रज शेजारी तयार आहेत. ही मागणी कौन्सिलकडे करता येते का, की आम्ही स्वतःच शेतकऱ्याला गाठावे?

हिशेबनीस

मध्येच लिहितो, कारण पैशांचा प्रश्न निघेलच. अलॉटमेंट देण्याचा अधिकार कौन्सिलला स्वतंत्र कायद्याने आहे, त्यामुळे १९७२ च्या लोकल गव्हर्नमेंट कायद्यातल्या कलम १३७ च्या मर्यादेची काळजी करू नका. ते कलम, ज्या कामासाठी दुसरा अधिकार नाही अशा गावहिताच्या खर्चासाठी आहे, आणि २०२५-२६ साठी त्याची मर्यादा प्रत्येक मतदारामागे ११.१० पौंड होती. क्लार्कने चुकून ते पुढे केले तर हे नम्रपणे लक्षात आणून द्या.

वेशीपाशी

कौन्सिलकडेच मागा. १९०८ च्या कायद्यानुसार गावातल्या सहा नोंदणीकृत मतदारांनी किंवा कौन्सिल टॅक्स भरणाऱ्यांनी लेखी मागणी केली, तर तिचा विचार करणे कौन्सिलला बंधनकारक आहे, आणि मागणी खरी आहे असे तिला पटले तर पुरेशा जागा उपलब्ध करून देणे हे तिचे कर्तव्य ठरते. शेतकऱ्याशी खासगी करार केलात तर भाडेकरू म्हणून मिळणारे संरक्षण कितपत लागू होईल, हे त्या करारावर अवलंबून राहील. कौन्सिलकडून घेतलेल्या जागेत ते पक्के असते. जागा सोडण्याची नोटीस सर्वसाधारणपणे किमान बारा महिन्यांची लागते, आणि ती मुदत पिकाच्या ऐन हंगामात, म्हणजे ६ एप्रिलनंतर आणि २९ सप्टेंबरपूर्वी, संपवता येत नाही. उभ्या पिकावर कोणी हात टाकू नये, यासाठीच ती तरतूद आहे. भाडे रास्त असावे असेही कायदा सांगतो. पीक मुख्यतः घरच्या वापरासाठी असले पाहिजे, विक्रीचा व्यवसाय चालत नाही. कोंबड्या आणि ससे पाळता येतात, कोंबडा मात्र नाही.

पत्रात सहाही जणांची नावे, पत्ते आणि सह्या द्या, प्रत्येकाला साधारण किती जागा हवी ते लिहा. पूर्ण प्लॉट पारंपरिक मापाने अडीचशे चौरस मीटरच्या आसपास असतो, नवख्यांना त्याचा निम्मा किंवा पाव भागही पुरतो. पाण्याचा नळ जवळ कुठे आहे आणि गाडी कुठे उभी करता येईल, हे नकाशावर दाखवा, कारण सदस्य पहिला प्रश्न त्याच दोन गोष्टींवर विचारतील. जमीन कौन्सिलची नसेल तर ती भाड्याने घेण्यासाठी तरतूद लागते, आणि अंदाजपत्रकाची चर्चा साधारण नोव्हेंबरमध्ये सुरू होते. तेव्हा पत्र सप्टेंबरच्या अजेंड्यावर येईल अशा बेताने, ऑगस्टमध्येच क्लार्कच्या हाती पडू द्या.